फुकटचा वजीर

रावजी मुंबईला गोदीत कामाला आणि राही किनाऱ्यावरच्या नाटे गावी घरी, तरी दोघांचा बुद्धिबळाचा डाव चालूच होता. एका कार्डावर एक चाल. खाली राही दर वेळी विचारायची, "कधी येताय?" उलट टपाली रावजीची चाल यायची आणि खाली दोनच शब्द, "रजा नाही." अशी दोन वर्षं गेली. यंदाही पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायला पंधराच दिवस उरले, तेव्हा राहीने काहीच विचारलं नाही. नुसती चाल पाठवली. आपला वजीर तिने सरळ रावजीच्या प्याद्याच्या तोंडी दिला होता.

शेवटच्या बोटीने रावजी आला. ट्रंक अंगणातच टाकून त्याने आधी राहीच्या कपाळाला हात लावून बघितला.

"बरी हायस ना गो? मिठाचा खडा फुकट न घालवणारी तू, आणि वजीर असा देतेस? मारायचं धाडस होईना मला. आठ दिवस नुसता सापळा शोधतोय!"

"मग, गावला का?" म्हणत राहीने ट्रंक उचलून आत नेली.