भरवणारे हात

"शैला, तुझ्या हाताला काय चव आहे गं!" सकाळीच सुनेच्या हातून शिऱ्याचा घास घेताना गोदाक्का म्हणाल्या होत्या. ती लग्न होऊन आली तेव्हाच मोतीबिंदूनं त्यांना काही दिसत नव्हतं. भरवणं, वेणी घालणं सगळं तिच्याकडेच. ऑपरेशनचा हट्टही तिचाच, तिचा नवरा दिनू "कशाला घाई?" म्हणत टाळायचा.

दवाखान्यात पट्टी निघाली. गोदाक्कांनी मुलाला डोळे भरून पाहिलं. मग थेंब घालायला शैलाचे हात पुढे आले. बोटांपासून कोपरापर्यंत पांढरं कोड.

"लग्नाआधीपासून आहे?"

"हो, आई. पण त्यानं कुणाला काही होत नाही."

गोदाक्कांनी नवा डोळा घट्ट मिटून घेतला.

"दिनू, थेंब तू घाल. आणि आधी मला चूळ भरायला पाणी दे."