राहणारी माणसं चार

लॅपटॉपवर पुन्हा तोच आकडा आला. राहणारी माणसं : चार.

अमोघने प्रोग्राममध्ये पाच भरली होती. आई, बाबा, तो, बायको जुईली आणि लेक. त्याने पुन्हा तपासून पाहिलं. चूक सापडली नाही. त्याने लॅपटॉप मिटला आणि तो सॅम्पल फ्लॅटच्या बाथरूममधून बाहेर आला.

प्रोग्राम त्यानेच लिहिला होता. हिंजवडीतल्या कंपनीत तो दिवसभर हेच करायचा, माणसांच्या सवयींवरून पुढचं ताडायला यंत्राला शिकवायचा. घर घेताना बाकीचे लोक भाव आणि चौरस फूट बघतात. त्याचा प्रोग्राम भलतंच बघायचा. कंपनीच्या गाड्या कुठल्या वळणावर तुंबतात, उन्हाळ्यात कुठल्या सोसायटीत आधी टँकर लागतो, मागवलेलं जेवण कुठे गार होऊन पोचतं. आणि घरच्या माणसांचंही सगळं. गेल्या दिवाळीत त्याने आईबाबांना मनगटी घड्याळं घेतली होती. कोण किती चालतं, कुणाची झोप मोडते, औषधं कुठली मागवली जातात, सगळं आपोआप आत जात होतं. त्यावरून ताबा मिळेल तेव्हा हे कुटुंब कसं असेल ते ताडून प्रोग्राम घर सुचवायचा. मारुंजीतली ही इमारत त्यानेच सुचवली होती.

एक बटण दाबलं असतं, तर कमी झालेलं माणूस कोण तेही दिसलं असतं. अमोघने ते दाबलं नाही. दाबायचा धीर नव्हता, आणि गरजही वाटली नाही. बाबांची बायपास होऊन अजून वर्ष झालं नव्हतं.

दसऱ्याचा दिवस होता. दाराला झेंडूचं तोरण होतं. जुईली लेकीला घेऊन माहेरी गेली होती. बुकिंगला तिघंच आले होते. दयानंद, म्हणजे अमोघचे बाबा, भिंतीवर बोटं आपटून बघत होते. पाटबंधारे खात्यातली नोकरी त्यांनी बदल्या आणि भाड्याच्या खोल्यांमध्ये काढली होती. घरमालकाने पाण्याचा नळ बंद केला म्हणून एकदा ते भर बाजारात रडले होते, हे आईने त्याला सांगितलं होतं.

बिल्डरकडची वैष्णवी एक खुर्ची घेऊन आली. अमोघने ती ओढून बाबांच्या मागे ठेवली.

"बसा बाबा. दमला असाल."

"मला काय धाड भरलीय?" दयानंद खेकसले. "सकाळपासून बघतोय, हात काय धरतोस, पिशवी काय घेतोस. आधी सही उरक. मुहूर्त टळेल."

आई खिडकीच्या कट्ट्यावर टेकली होती. बाहेर खाली वॉचमन कुणावर तरी ओरडत होता, "गाडी हितं न्हाई लावायची! टँकर यायचाय!" ती तिकडे बघत होती, पण तिला ते दिसत असावं असं वाटत नव्हतं.

अमोघने तिला बाल्कनीत बोलावलं. काच ओढून घेतली. समोर भाताचं एकच खाचर उरलं होतं, तेही पत्रे ठोकून बंद केलेलं.

"आई, तुला एक सांगायचंय. घाबरू नकोस." तो म्हणाला. "बाबांना आता जपायला हवं. प्रोग्राम म्हणतोय, ताबा मिळेपर्यंत आपण चारच जण असू."

आईने विचारलं, "नाव सांगितलं त्याने?"

"नाव नाही. आकडा."

"मग बाबाच कसे धरलेस तू?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. गळ्याची हाडं वर आली होती. ब्लाउजची बाही दंडावर सैल लोंबत होती, ती तिने आतून टाचणीने आवळली होती. सकाळी गाडीत ती त्याच्या शेजारीच बसली होती.

"आई?"

"छातीत गाठ आहे," ती म्हणाली. "पाडव्याला दाखवली. डॉक्टर म्हणाले होते, लगेच या. लगेच आलात तर सगळं निघून जाईल."

पाडवा. मध्ये अख्खा उन्हाळा गेला होता, पावसाळा गेला होता. त्या दिवसांत त्याने तिच्या प्रत्येक झोपेचा, प्रत्येक पावलाचा हिशेब यंत्राला दिला होता आणि तिला एकदाही विचारलं नव्हतं, कशी आहेस.

"दुखतं?"

"आता दुखतं."

आतून काचेवर टकटक झाली. दयानंद मनगटाकडे बोट दाखवत होते. वैष्णवी पेन घेऊन उभी होती.

"नको हे घर," अमोघ म्हणाला. "आत्ता निघायचं. इथूनच दवाखान्यात." त्याने काचेला हात घातला, तशी आईने त्याची बाही घट्ट धरली.

"ह्यांच्यासमोर नको बोलूस."

"नाही बोलत." त्याने डोळे पुसले. "त्यांना मी नंतर सांगेन, बेताबेताने. त्यांचं हृदय असं, एकदम धक्का बसला तर..."

"धक्का कसला," आई म्हणाली. "तुला सांगायला त्यांनीच बंदी केलीय मला. घर होईपर्यंत."