पाणचक्कीच्या तळात

निजामाचं राज्य गेलं, त्याच आठवड्यात गोजरबाई ज्वारी घेऊन नदीकाठच्या पाणचक्कीवर गेली. इमामचाचाच्या आज्यानं बसवलेली ती चक्की फिरत होती, पण चाचा दिसेना. फरशीखाली, जिथं पाण्याचं चाक होतं, तिथून चाचाचा हळूच आवाज आला, "बाई, कुणाला सांगू नका."

गोजरबाईनं ज्वारी चक्कीत ओतली. ह्या चाचाच्याच पोरानं रझाकारांसोबत येऊन तिचं घर जाळलं होतं. तेव्हापासून म्हातारा तिचं दळण मान खाली घालून दळायचा.

तेवढ्यात तिचाच लेक त्रिंबक चार माणसं घेऊन आला. सगळ्यांच्या हातात काठ्या होत्या.

"माय, इमाम कुठंय?"

"मला न्हाई दिसला."

"मंग चक्की कोण चालवून राह्यलंय?"

"पाणी चालवतंय की."

 त्रिंबक माणसांना घेऊन निघून गेला.

गोजरबाईनं पीठ भरलं. फरशीखालून रडण्याचा आवाज येत होता. ती खाली वाकली.

"चाचा, वर येऊ नका. तुमचं तोंड दिसलं तर मी काय करीन, माझं मलाच न्हाई ठाऊक."