सही केलेली प्रत

माझी बायको व्हर्ना गेल्याचं हॉस्पिटलातून कळलं, त्याच दुपारी ओहायोच्या बंदूकवाल्याचा फोन आला.

“बाईंना सांगा, त्यांच्या वडिलांची रायफल सापडली! नंबर जुळतोय. अकरा वर्षं डोकं खाल्लं हो त्यांनी माझं! नेहमीसारखी परवान्याची सही केलेली प्रत पाठवा, लगेच घरपोच रवाना करतो.”

मी नुसतं “बरं” म्हणालो.

जुन्या बंदुका जमवायचा परवाना व्हर्नाच्या नावावर होता. माणूस गेला की परवानाही संपतो. कागदावर मात्र त्याची दोन वर्षं शिल्लक आहेत, आणि एक प्रत तिने सही करून खणात तयार ठेवली होती.

&nbsp;

आज महिना झाला. ती प्रत घातलेल्या पाकिटावर तिकीट लावलंय. ते मी पोस्टात टाकलेलं नाही, आणि व्हर्ना गेल्याचंही बंदूकवाल्याला सांगितलेलं नाही.