नुसता आकडा

सुवर्णा पाठीवर फवारणीचा पंप घेऊन रोपांच्या ट्रेंच्या रांगांतून जवळजवळ पळत होती. शेडनेटमध्ये टोमॅटोची कलमं होती, वांग्याच्या बुंध्यावर कालच बांधलेली. सांधा जुळेपर्यंत त्यांना थोड्या थोड्या वेळाने धुक्यासारखं पाणी लागतं. सकाळी नवा कंट्रोलर बसवला आणि वरचे फॉगर एकदा उडून जे गप्प झाले ते गप्पच.

"ह्यो डबा लय शिकलेला हाय," सासू मालनबाई दुसऱ्या टोकाला ओली पोती टांगत म्हणाली. "म्हणून कामच करत नाय."

पुतण्या संतोष नाशिकहून गाडी दामटत आला होता. उलट्या क्रेटवर बसून तो लॅपटॉपमध्ये बघत होता. प्रोग्राम त्यानेच लिहिलेला, जुन्या डब्यावर कधी अडला नव्हता.

"पानांनी माना टाकल्या, संतोष!"

"बघतोय, काकू."

"बघू नको, चालू कर."

सापडलं. दोन फवाऱ्यांमध्ये किती थांबायचं, तिथे त्याने लिहिलं होतं: सहाशे. जुना डबा ते सेकंद समजायचा, नवा मिनिटं समजत होता. दहा मिनिटांच्या जागी दहा तास. त्याने सहाशेचे दहा केले. वर फुस्स झालं आणि पांढरं धुकं पानांवर उतरलं.

सुवर्णाने पंप खाली ठेवला. "एवढंच होतं?"

"एवढंच." त्याने लॅपटॉप मिटला. चप्पल घालताना त्याची नजर कोपऱ्यातल्या निळ्या ड्रमवर गेली. बुरशीचं औषध, तेही डबाच सोडायचा.

"काकू, औषध कधी सुटतं?"

"आता सुटंल की. दुपारचंच असतं."

तिथेही त्याने नुसतं वीस लिहिलं होतं. तो धावला आणि कंट्रोलरचं बटणच बंद केलं. धुकंही थांबलं.

"अरे, काय केलंस!"

"वीस सेकंद सुटायचं ते वीस मिनिटं सुटलं असतं. कलमं देठासकट जळाली असती."

तिने पंप पुन्हा पाठीवर घेतला. संतोष टाइप करत होता, खोडत होता, पुन्हा वरच्या ओळीपासून बघत होता.

"आकडा बदलला ना? मग लाव की."

"सगळे आकडे नुसतेच आहेत, काकू. प्रत्येकापुढे सेकंद की मिनिटं ते लिहितोय. नुसता आकडा दिला तर डब्याने घ्यायचाच नाही, असं करतो. उद्या तिसरा डबा आला तर?"

"उद्याचं उद्या. ही आज मरतील."

तो पुढच्या आकड्याकडे वळला. पोती वाळत चालली होती. मालनबाई बादली घेऊन हौदाकडे निघाली.

"किती वेळ?" सुवर्णाने विचारलं.

"दहा," तो मान वर न करता म्हणाला.

पंपाचा आवाज थांबला. त्याने वर पाहिलं. ती दांडा धरून त्याच्याकडेच बघत उभी होती. नळीच्या टोकातून थेंब गळत होता.

"मिनिटं," तो म्हणाला.

तिने पुन्हा दांडा मारायला सुरुवात केली.