एकच नळी

"जगाच्या आरोग्याच्या बैठकीत एखाद्या देशाला खुर्चीच द्यायची नाही? लाज वाटली पाहिजे!" आमच्या राजधानीत, असुन्सिओनच्या सभागृहात, आमच्या डॉक्टर इन्सफ्रानांनी टेबलावर मूठ आपटली. टाळ्यांचा नुसता कडकडाट.

मधल्या सुट्टीत आम्ही अंगणात गोल करून बसलो. बर्फाच्या पाण्यातलं तेरेरे, म्हणजे आमचा पानांचा गार चहा, मी ओतत होतो. पेला एक, नळी एक, आळीपाळीने सगळ्यांनी प्यायचं. नळी पुसायची आमच्यात रीत नाही. चाकोच्या आदिवासी वस्तीतली आरोग्यसेविका एउलालिया तिकडच्या तापाबद्दल बोलायला आली होती. मी पेला तिच्यापुढे धरला, तोच डॉक्टर खेकसले, "अरे, तिला कागदी कप दे ना वेगळा!" मग तिच्याकडे बघून गोड हसले. "मनावर घेऊ नकोस हं. साथीचे दिवस आहेत, काळजी घ्यायला नको?"

"राहू दे भाऊ, तहान गेली," मला एवढंच म्हणून ती उठून गेली.

तिच्यानंतर आरोग्य खात्याच्या सचिवांची पाळी. ते सकाळपासून शिंकत होते. त्यांनी चोखून परत दिलेला पेला मी भरला आणि डॉक्टरांच्या हातात ठेवला. त्यांनी तीच नळी तोंडात धरून सुर्रकन शेवटचा थेंब ओढला.

"वा! एका नळीने प्यायलं की कसं आपलेपण वाटतं!"