डोक्याकडची गाठ

"गाठ कुठंय?" निर्मात्या हार्तिनीबाईंनी संगणकाच्या पडद्यावर बोट आपटलं. "सेनो, हे भूत आहे की लोड?"

सिनेमाचं पोस्टर सेनोनं जीव ओतून केलं होतं. फोटोसाठी कफन गुंडाळून उभा राहिलेला नट चांगला गुबगुबीत होता. त्याचे गाल खोडून खोडून सेनोनं पार खप्पड केले होते, डोळ्यांखाली काळं भरलं होतं. फक्त डोक्यावरची बांधलेली गाठ तेवढी त्यानं पुसून टाकली होती.

"शेंबडं पोरही सांगेल," बाई म्हणाल्या, "कबरीत कफनाच्या गाठी सोडायच्या राहिल्या, की मेलेला माणूस तसाच बांधलेला उड्या मारत घरी येतो. गाठच नाही तर पोचोंग कसला? मी जेवून येते. तोवर गाठ दिसली नाही, तर पोस्टर दुसऱ्याकडं जाईल."

सेनोनं गाठ परत आणली. तिची सावली काढताना त्याला वडिलांची कबर आठवली.

वडिलांना पुरून वर्ष झालं होतं. त्या दिवशी कबरीत पायाकडच्या आणि कमरेच्या गाठी काकांनी सोडल्या. डोक्याकडची मुलानं सोडायची. सेनोनं डोळे गच्च मिटून हात घातला. बोटांना कफनाचं कापड लागलं, तसा त्यानं हात मागं घेतला.

"सुटली का रे?" काकांनी विचारलं.

"सुटली."

मग माती पडली. तेव्हापासून रात्री कुत्रं भुंकलं तरी तो उठून दाराची कडी बघायचा. पण भीतीपेक्षा लाज मोठी होती. आपल्यामुळं आपला बाप बांधलेला पडलाय, हे त्याला घास गिळू देत नव्हतं.

वडील त्याची कायम टर उडवत. "भुतांची चित्रं काढून पोट भरतो, आणि अंधारात परसात जायचं तर आईला हाक मारतो!" शेवटच्या दिवशी ते काय बोलले, हे आई कधी नीट सांगत नसे. "तुझीच टर उडवली, दुसरं काय!" म्हणून ती विषय बदलायची.

तेवढ्यात आईच जेवण घेऊन आली. केळीच्या पानात भात आणि फणसाची भाजी. आईच्या पुडक्याला दोरा कधीच नसे. पान नुसतं खोचलेलं, तरी शीत सांडायचं नाही.

तिनं पडद्याकडं पाहिलं. "बाई गं, हुबेहूब केलंस! गाठ तर कशी घट्ट बसलीय."

सेनोला हुंदका आवरेना. "आई, बाबांची गाठ मी सोडलीच नाही. काकांशी खोटं बोललो. भ्यालो गं. बाबा अजून तसेच बांधलेले असतील."

आईनं पुडकं टेबलावर ठेवलं. "वर्षभर हे उरावर घेऊन हिंडतोयस? अरे, मला वाटलं, हात लावलास तेव्हाच तुला कळलं. तुला लाज वाटेल म्हणून मी बोलले नाही."

"काय कळलं?"

तिनं खोचलेलं पान उलगडून त्याच्यापुढं सरकवलं.

"शेवटी काय बोलले, विचारतोस ना सारखं? म्हणाले, 'सेनो घाबरेल. डोक्याकडं गाठ मारू नका, नुसतं खोचा.'"